रिंग एकदाच सांभाळून घेते

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, आता काळजी नाही, मोटरींचे सगळे ड्राइव्ह नेटवर्कच्या रिंगमध्ये घेतलेत." तेव्हापासून माझ्या मनात घोळतंय ते बोलूनच टाकते. कारण एकदा साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली आणि गाळप सुरू झालं की तुला जेवायलाही सवड मिळणार नाही.

रिंग घेतलीस हे उत्तमच केलंस. ड्राइव्ह एकापुढे एक जोडले असते, तर मधली एक केबल तुटली की पुढचे सगळे पीएलसीला, म्हणजे त्यांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला, दिसेनासे झाले असते. शेवटच्या ड्राइव्हपासून पीएलसीकडे परत केबल आणली की उलट बाजूनंही वाट मिळते. पण इथरनेटला बंद वर्तुळ सोसत नाही. निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क कोंडतं. म्हणून रिंगमधलं एक उपकरण, रिंग मॅनेजर, आपला एक पोर्ट नेहमीच्या निरोपांसाठी मुद्दाम बंद ठेवतो आणि तपासणीचे छोटे निरोप फिरवत राहतो. ते परत आले नाहीत, की तो बंद पोर्ट उघडतो. म्हणूनच सांगते, मॅनेजर आणि बाकीची सगळी उपकरणं सेट झाल्याशिवाय रिंगची शेवटची केबल लावू नकोस.

तुमच्याकडे प्रोफिनेट आहे, म्हणजे रिंग सांभाळायला एमआरपी हा प्रोटोकॉल असणार. त्यात एका रिंगमध्ये ५० उपकरणांपर्यंत घेता येतात आणि वाट बदलायला २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. आता तुझी सेटिंग बघ. अपडेट टाइम ८ मिलिसेकंद आणि तीन हुकलेल्या फेऱ्यांची मुभा असेल, तर २४ मिलिसेकंदांतच ड्राइव्ह संपर्क तुटला असं धरून ट्रिप होईल. रिंग सावरेपर्यंत मोटर थांबलेली असेल! ही मुदत, म्हणजे वॉचडॉग, २०० मिलिसेकंदांच्या वर ने. पंख्याला किंवा कन्व्हेयरला एवढा खंड जाणवतही नाही. जिथं अनेक मोटरींना एका तालात चालायचं असतं, तिथं मात्र एवढा खंड चालणार नाही, तिथं वेगानं सावरणारी रिंग लागते. इथरनेट आयपीवरची डीएलआर रिंग ५० उपकरणांतही साधारण ३ मिलिसेकंदांत सावरते, आणि एचएसआर या प्रकारच्या रिंगमध्ये निरोप दोन्ही बाजूंनी एकदमच जातो, त्यामुळे खंडच पडत नाही.

आता जे कुणाला फारसं सांगत नाही, ते तुला सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या कामात एका प्लगची क्लिप सैल होती. रिंग तिथं तुटली, मॅनेजरनं वाट बदलली, काम सुरळीत चालू राहिलं. कुणालाच कळलं नाही, कारण रिंग उघडल्याचा अलार्म मी ऑपरेटरच्या स्काडा स्क्रीनवर घेतलाच नव्हता. काही दिवसांनी रात्रपाळीत एका ड्राइव्हचा फीडर दुरुस्तीसाठी बंद केला. त्याचं कंट्रोल कार्ड त्याच सप्लायवर होतं, तेही गेलं. रिंग दुसऱ्या जागी तुटली आणि मधले ड्राइव्ह एकटे पडले. त्यात बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन होता. बॉयलर ट्रिप झाला, वाफ पडली, गाळप थांबलं. चूक माझी होती, आणि ती अजून सलते.

म्हणून मी सांगते तेवढं कर. रिंग उघडल्याचा अलार्म ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर ठळक यायला हवा. ड्राइव्हमध्ये सोय असेल तर कंट्रोल कार्डाला वेगळा २४ व्होल्टचा सप्लाय दे, म्हणजे फीडर बंद केला तरी निरोप पुढे जात राहतील. परतीची केबल त्याच ट्रेमधून आणू नकोस, नाहीतर एका ठिणगीत दोन्ही वाटा जातील. मुख्य आणि राखीव फीडपंपाचे ड्राइव्ह रिंगमध्ये शेजारी शेजारी ठेवू नकोस, दोन जागी तुटलं तर दोघंही एकदम जातील. आणि इमर्जन्सी स्टॉप रिंगच्या भरवशावर ठेवू नकोस, त्याची वायर वेगळीच ओढ.

मोळी पडण्याआधी एक दिवस मागून घे. मोटरी बिनलोड चालव आणि रिंगमधली एकेक केबल स्वतःच्या हातानं काढून बघ. ड्राइव्ह ट्रिप व्हायला नको, आणि अलार्म यायलाच हवा. पहिली परत लावून अलार्म गेला, की मगच दुसरी काढ. वरिष्ठ म्हणतील, चालू नेटवर्कला कशाला हात लावतेस? त्यांना शांतपणे सांग, की रिंग एकदाच सांभाळून घेते, आणि ती एक वेळ कधी येऊन गेली हे आपल्याला कळलं पाहिजे.

शेवटची केबल तपासून झाली की मला फोन कर. कितीही रात्र होऊ दे, मी जागी असेन.