गंध कोंडताना शिकलेल्या सात गोष्टी

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात भातावर खोडकिडा येतो, वेलभाज्यांवर फळमाशी. दोघांचेही नर गंधाच्या आमिषाने सापळ्यात येतात. पण हे गंध उडून जातात. काही उन्हात आणि हवेत बिघडतातही. ते टिकवण्यासाठी मी सायक्लोडेक्स्ट्रिनकडे वळलो. स्टार्चवर एन्झाइमची क्रिया होऊन बनणारी ही ग्लुकोजची कडी. फ्रान्सच्या व्हिलिए यांनी १८९१ मध्ये तिची पहिली नोंद केली. तिची बाहेरची बाजू पाण्याला जवळ करते, आतली दूर ठेवते. बूड काढलेल्या टोपलीसारख्या या कडीत तेलकट रेणू जाऊन बसतो. या कामाने जे शिकवलं ते असं:

१. आधी पाहुणा ओळखा, मग कडी निवडा.
अल्फा कडीत ६ ग्लुकोज असतात, बीटात ७, गॅमात ८. बीटाची पोकळी जेमतेम ०.६ नॅनोमीटर रुंद. लवंगेतलं युजेनॉल, आंब्यावरच्या फळमाशीच्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल, गवती चहातला सिट्रॅल तिथे नीट मावतात. खोडकिड्याच्या मादीचा गंध म्हणजे १६ कार्बनची लांब, सडपातळ साखळी. तिला अल्फाची अरुंद पोकळी अधिक मानवते.

२. वजनाचा हिशेब पहिल्या दिवशी मांडा.
बीटा कडीचा रेणुभार ११३५, युजेनॉलचा १६४. एका कडीत एक रेणू धरला, तर १०० ग्रॅम भुकटीत साडेबारा ग्रॅमच युजेनॉल बसतं; बाकी सगळी कडी. याहून खूप जास्त तेल भरल्याचं कुणी सांगितलं, तर वरचं तेल कुठे आहे ते विचारा. बहुधा ते नुसतं दाण्यांना चिकटलेलं असतं.

३. घाई केली की तेल बाहेर राहतं.
२५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात बीटा कडी सुमारे साडेअठरा ग्रॅमच विरघळते. म्हणून पाणी कोमट करून ती विरघळवायची, तेल थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळून थेंबथेंब सोडायचं, ढवळत राहायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. तळाशी बसलेला पांढरा साका गाळून मंद उष्णतेवर वाळवायचा. माल जास्त हवा असेल, तर थोड्या पाण्यात लगदा करून खलात मळण्याची पद्धत सोपी पडते.

४. घमघमाट हा यशाचा पुरावा नव्हे.
भुकटीला उग्र वास येत असेल, तर तेल कडीबाहेर असतं. चांगल्या भुकटीला कोरडेपणी वास कमी. चिमूटभर पाण्यात टाकली की तो वर येतो. खरी खात्री मात्र बाहेरचं तेल धुऊन, आतलं मोजूनच होते.

५. गंधातलं प्रमाण सांभाळा.
भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचा कामगंध दोन अल्डिहाइडांचा असतो, साधारण ३ : १ प्रमाणात. कडीने एकाला जास्त घट्ट धरलं, तर बाहेर पडणारं मिश्रण बदलतं आणि नर पतंग फिरकत नाही. म्हणून आत काय भरलं यापेक्षा बाहेर काय पडतं ते तपासा.

६. कुलूप पाण्याने उघडतं, हे विसरू नका.
सुक्या हवेत भुकटी गंध धरून ठेवते, दमट हवेत सोडते. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खरिपात आमिषावर छप्पर नसेल, तर माल लवकर रिकामा होईल. राजनाला कालव्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी मळ्यात दुपारची हवा कोरडी असते. तिथे तोच माल गंध रोखून धरेल. साठवताना डबा घट्ट बंद हवाच. गंध कोंडणं हे अर्धं काम. हव्या वेळी, हव्या गतीने सोडणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड.

७. गरज नसेल तिथे कडी वापरू नका.
मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला लाकडी ठोकळाही आंब्याच्या बागेत चांगलं काम देतो. तिथे महाग भुकटीचा बोजा शेतकऱ्यावर कशाला? पटकन बिघडणारे अल्डिहाइड किंवा खाद्यपदार्थांतले नाजूक स्वाद असतील, तिथे कडीचं मोल आहे. खाण्यात वापरताना मर्यादा पाळा: बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेलं रोजचं प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत आहे.

रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत रसायनाची जाण आहे, कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताची. या दोन जाणकारांनी एका बांधावर यायला हवं. आणि या विषयात उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच विनंती: आपल्या नव्या आमिषाशेजारी बाजारातलं साधं आमिषही लावा, दोन्ही सापळ्यांतले पतंग मोजा, आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो शेतकऱ्याला जसाच्या तसा सांगा.