बाप कोणाला म्हणावे?



पंढरीचा देव विटेवर उभा राहिला तो एका मुलामुळे. पुंडलीक आईबापांच्या सेवेत होता, त्याला उठवेना. त्याने वीट पुढे टाकली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मुलाने कसे वागावे ते तिच्यात आले. पण बापाने कसे वागावे, आणि मुळात बाप म्हणावे कोणाला, हे समजून घ्यायचे तर आळंदी आणि देहू या दोन घरांत डोकावावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढाच विचार करू.

प्रथम शब्द पाहू. ‘पितृ’ हा शब्द ‘पा’ धातूपासून साधतात. ‘पा’ म्हणजे राखणे. जो राखतो तो पिता. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीप राजाविषयी सांगितले आहे की, प्रजेला वळण लावणे, तिचे रक्षण करणे आणि पोषण करणे ही तिन्ही कामे तो करी, म्हणून प्रजेचा खरा बाप तोच. घरचे बाप नुसते जन्माला कारण. सुभाषितकारांनी तर बाप पाच मोजले: जन्म देणारा, मुंज लावणारा, विद्या देणारा, अन्न देणारा आणि भयातून सोडविणारा. पाचांत जन्म देणारा एक. बाकीचे चार कामाने बाप झालेले आहेत. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आपेगावचे विठ्ठलपंत मोठे विरक्त. आळंदीच्या सिद्धोपंतांची कन्या रुक्मिणी ही त्यांची पत्नी. तिला मागे ठेवून ते काशीस गेले आणि संन्यास घेतला. पुढे गुरूंना खरी हकीकत कळली. तेव्हा गुरूंनी काय केले? ‘झाले ते झाले’ म्हटले नाही. त्यांनी परत घरी धाडले! संन्यास मोठा खरा, पण हातचे माणूस टाकून घेतलेला संन्यास गुरूंनाही मान्य झाला नाही. प्रापंचिकांनी हे नीट समजून घ्यावे.

मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चार लेकरे झाली. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकली. मुंजी होईनात. शेवटी धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि लेकरांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून आईबापांनी जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. पण मार्ग मोकळा झाला का? नाही झाला. लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत पायपीट करावीच लागली, आणि तीही बापाचे बोट न धरता. विठ्ठलपंतांना आम्ही दोष देत नाही. तो काळ कठीण, निवाडा क्रूर. तरी लेकरांच्या बाजूने पाहिले तर एवढे कळते की, त्यांना बापाचे मरण नको होते, बापाची सोबत हवी होती.

ती सोबत कोणी दिली? निवृत्तिनाथांनी. परंपरेच्या गणनेप्रमाणे त्यांचा जन्म शके ११९५ चा, ज्ञानदेवांचा ११९७ चा. अवघे दोन वर्षांचे अंतर! शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली तेव्हा सांगणारा पंधरा वर्षांचा आणि त्याचा बाप सतरा वर्षांचा. बाप हा शब्द मी जाणून वापरला. गहिनीनाथांकडून मिळालेली विद्या निवृत्तिनाथांनी धाकट्याला दिली, म्हणजे विद्या देणारे झाले. भावंडांना राखले, म्हणजे भयातून सोडविणारे झाले. ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर कौतुक तर केलेच, पण तेवढ्यावर सोडले नाही. हे दुसऱ्याच्या ग्रंथावरचे बोलणे झाले, आता स्वतःच्या अनुभवाचे सांग, म्हणाले. आणि त्यातून अमृतानुभव झाला, असे सांगतात. शाबासकी देऊन पुढची पायरी दाखवायची, हे बापाचे काम.

आता एक बारीक गोष्ट पाहा. आपल्याकडे माणूस स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावतो. ज्ञानदेव ज्ञानेश्वरीत आपली ओळख ‘निवृत्तीचा’ अशी देतात. अठराव्या अध्यायाच्या शेवटी जी परंपरा सांगितली ती आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची. मग विठ्ठलपंत विसरले गेले का? तसेही नाही. अभंगांची मुद्रा पाहा: ‘बापरखुमादेवीवरु’. अर्थ पांडुरंगाचा, हे उघड आहे. पण आईबापांची नावेही रुक्मिणी आणि विठ्ठलच! ज्याला बाप पुरता लाभला नाही, त्याने ‘बाप’ हा शब्द आपल्या सहीत घातला. आणि ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांत गावाचे किंवा बापाचे एक गाऱ्हाणे नाही. ज्यांचे बाप लवकर गेले, किंवा असून नसल्यासारखे झाले, त्यांनी हे पुन्हा पुन्हा आठवावे.

वडीलपणाची जड बाजूही निवृत्तिनाथांच्या वाट्याला आली. शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. मग सासवडला सोपानदेव, मग तापीतीरी मुक्ताबाई. तिन्ही धाकट्यांना निरोप देऊन थोरला मागाहून त्र्यंबकेश्वरी विसावला.

आता देहूला चला. बोल्होबांच्या घरी महाजनकी. थोरले सावजी विरक्त, त्यांनी व्यापाराला हात लावला नाही. म्हणून संसाराचे ओझे मधल्या तुकोबांवर आले. वडीलपण वयावर नसते, ते असे. वडील गेले, आई गेली. इ. स. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, पत गेली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. यापरते दुःख कोणते? पण तुकोबांनी जीव दिला नाही. भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, तिथे शोधीत धाकटे कान्होबा आले, आणि मग लोकांकडच्या येण्याची खतपत्रे पुढ्यात घेतली. निम्मी कान्होबांना दिली, कारण त्यांना त्यांचा संसार होता. आपल्या वाटणीची निम्मी इंद्रायणीत सोडली. स्वतः सावकार असून लोकांचे देणे सोडले, आणि धाकट्याचा घास मात्र राखला. थोरल्याची नजर अशी असावी.

हे मी आज मुद्दाम सांगतो. आपल्या महाराष्ट्रात कर्जापायी शेतकरी बाप जीव देतो, अशा बातम्या वर्षानुवर्षे येतात. त्या घरी कीर्तनाला जाण्याचा प्रसंग मजवर आला आहे. पोरे भिंतीला टेकून बसलेली असतात, आणि कर्ज तिथेच असते. बाबांनो, पाण्यात सोडायची ती खते, माणूस नव्हे! मन काळे झाले तर घरात बोला, फडावर बोला, विणेकऱ्याजवळ बोला, डॉक्टरांजवळ बोला. त्यात कमीपणा नाही. आणि दिंडीतल्या माणसांनो, ज्या घरचा बाप गेला त्या घरी तेराव्यानंतर जा. एका पोराची फी भरा, एकाची पेरणी करून द्या. पाच बापांतला एक होणे कोणालाही जमते. काका, मामा, थोरला भाऊ, शेजारी, आणि आईही. पांडुरंगाला माउली म्हणतो आणि बापही म्हणतो, त्यातले मर्म हेच आहे.

शेवटी नारायणबाबांची आठवण करू. इ. स. १६५० मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा हे धाकटे चिरंजीव मातेच्या पोटात होते. त्यांनी बाप डोळ्यांनी पाहिला नाही. त्याच नारायणबाबांनी इ. स. १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. पुढे माउलींची पालखी स्वतंत्र झाली, तरी ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर एकत्रच राहिला. आषाढीला आपण ज्या पालखीमागे चालतो ती बाप न पाहिलेल्या लेकाने उचललेली आहे. खांदा देताना तेवढे आठवावे, आणि रांगेत एखादे पोर एकटे चालत असेल तर त्याचे बोट धरावे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!