दोन कॉम्प्युटर, एक फ्यूज

माझदाच्या १३बी रोटरी इंजिनावर माझं मनापासून प्रेम आहे. दोन रोटर, १३०८ सीसी, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, हलणारे भाग अगदी मोजके. याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनानं १९९१ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. इथे मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यांतून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हौसेनं बांधलेल्या छोट्या विमानात हे इंजिन बघून भुरळ पडली नसती तरच नवल. पण ज्यांना हे इंजिन विमानात घालायचं आहे, किंवा घातलेलं विमान विकत घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा अनुभव रोटरचा नाही, त्याच्यापर्यंत वीज आणि पेट्रोल पोचवणाऱ्या तारांचा आहे.

विमानाच्या नेहमीच्या लायकमिंग इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, तरी पंखा फिरतो आहे तोवर ठिणगी पडत राहते. कार्ब्युरेटरलाही वीज लागत नाही. मोटारीतून आलेल्या रोटरीचं तसं नाही. तिचे कॉइल, इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि या सगळ्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर, सगळे विजेवर जगतात. म्हणून पुष्कळ जण दोन कॉम्प्युटर बसवतात, ए आणि बी. शिवाय प्रत्येक रोटरला मुळातच दोन स्पार्क प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, आणि इंजेक्टरही दोन-दोन. सगळं जोडीनं आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो.

माझं विमानही असंच जोडीजोडीचं होतं. ते मी बांधलेलं नाही, बांधणाऱ्याकडून तयार विकत घेतलं. हा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये हौसेनं बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ साली अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानं चालवणाऱ्यानं स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. आणि इंजिनानं दगा देणं हा अपघातांचा एक मुख्य प्रकार होता.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती, खाली मक्याची शेतं, इंजिनाचा आवाज एकसुरी. आधी एक गचका बसला, मग दोन-तीन, आणि मग सगळं शांत. मी स्विच बीवर टाकला. काहीच फरक नाही. दुसरा पंप चालू केला. तरीही नाही. विमानाचं नाक खाली करून वेग राखला आणि शेजारच्या छोट्या धावपट्टीकडे वळलो. वळतानाच इंजिन आपोआप पेटलं, पुन्हा गेलं, पुन्हा पेटलं. असं अडखळत, पण बऱ्याच उंचीवरून मी त्या पट्टीवर सुखरूप उतरलो.

इंजिनावरचं काउलिंग उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसलं. दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत. चारही कॉइल ठीक. पण हे सगळं, दोन्ही पंपांसकट, बॅटरीकडून येणाऱ्या एकाच तारेवर, एकाच फ्यूज-होल्डरमधून पोसलं जात होतं. होल्डरची पकड सैल झाली, सैल पकडीनं तो तापला, तापून आणखी सैल झाला आणि त्याचं प्लास्टिक वितळलं. जमिनीवर मी ए आणि बी दोन्ही तपासून निघत असे आणि दोन्ही उत्तम चालत, कारण तेव्हा तो फ्यूज शाबूत असायचा. त्या तपासणीतून फ्यूजबद्दल काहीच कळणार नव्हतं.

इंजिन पुन्हा का पेटलं, हेही समजून घ्या. वीज गेली तेव्हा ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबलं, आणि वेग राखल्यामुळे पंखा हवेनं फिरत राहिला. फक्त कॉइलची वीज गेली असती आणि इंजेक्टर पेट्रोल फवारत राहिले असते, तर रोटरी ‘फ्लड’ झाली असती. जास्तीचं पेट्रोल रोटरच्या सीलवरचं तेल धुऊन नेतं, दाब राहत नाही, प्लग ओले होतात. मग ठिणगी परत आली तरी इंजिन उठत नाही. बी कॉम्प्युटरकडे जाताना ए आणि बी दोघेही इंजेक्टर उघडत राहिले तरी हीच गत होते. म्हणून स्विचनं एकाला पूर्ण सोडूनच दुसऱ्याकडे जायला हवं. एखाद्या इंजेक्टरची वीज चालूच राहून तो उघडा राहिला तर ती तोडता यावी म्हणून इंजेक्टरच्या प्रत्येक जोडीला वेगळा स्विचही हवा.

आता माझ्या विमानात दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्यापासून निघालेल्या दोन तारा वाटेत कुठेही भेटत नाहीत. एकीवर ए कॉम्प्युटर, लीडिंगचे कॉइल आणि पहिला पंप. दुसरीवर बी, ट्रेलिंगचे कॉइल आणि दुसरा पंप. इंजेक्टरना मात्र दोन्हीकडून डायोडमधून वीज जाते. अर्थिंगच्या ताराही वेगळ्या बोल्टवर आहेत, कारण एकच बोल्ट गंजला तर वरची सारी जोडी फुकट. उरलेली एक सामाईक वस्तू म्हणजे शाफ्टचा कोन सांगणारा सेन्सर. तो गेला की दोन्ही कॉम्प्युटर आंधळे होतात. मी दुसरा सेन्सर लावून घेतला, एक्झॉस्टपासून दूर. रोटरीचा एक्झॉस्ट नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि त्याच्या शेजारची कुठलीही तार फार काळ टिकत नाही. पेट्रोलचा फिल्टरही दोन्ही पंपांना बऱ्याचदा एकच असतो, तिकडे दुर्लक्ष नको.

चाचणी अशी करा. शेपटी बांधा, चाकांना अडणी लावा, बाहेर अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करा, इंजिन चालू ठेवा आणि एकेक फ्यूज काढत जा. कुठलाही एक काढल्यावर, दुसऱ्या कॉम्प्युटरकडे किंवा पंपाकडे जाऊनही इंजिन बंदच राहिलं तर ते विमान अजून उडण्याजोगं नाही, मग पेंट कितीही सुंदर असो. विकत घेताना हीच चाचणी मागायला हवी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो, आणि विकणारा नाही म्हणाला तर परत फिरा म्हणतो.

बीचं इंधनाचं गणितही एइतक्याच काळजीनं बसवावं लागतं. आयडलला चालतो म्हणजे पूर्ण थ्रॉटलला चालेल असं नाही. विमानतळाच्या वर भरपूर उंची घेऊन, वेगवेगळ्या आरपीएमला, बीवर सलग उडून बघा. ट्रेलिंग प्लगवर एकट्यानं चालताना ताकद बरीच उतरते, ती किती उतरते आणि तेवढ्यावर विमान पातळीत राहतं का, तेही उंचीवरच कळून घ्या.

आणि बॅटरीचा हिशेब. पंप, कॉइल, इंजेक्टर नि कॉम्प्युटर मिळून पंधरा अँपिअरच्या आसपास खातात. सतरा अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तासभर पुरते. प्रत्यक्षात ती जुनी असते, थंडीत असते, आणि व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उशिरा उघडू लागतात. अल्टरनेटरचा लाल दिवा लागला की मी निम्मा वेळ धरतो, दिवे-रेडिओ यांतलं अनावश्यक बंद करतो आणि जवळची पट्टी गाठतो. दोन्ही बॅटऱ्या मी एकदम बदलत नाही. एक या वर्षी, दुसरी पुढच्या, म्हणजे दोघी एकाच वयाच्या कधी नसतात.