मशीन घेण्याआधी

सातारा

चि. चिऊ,



वहिनीकडून कळलं की गोधडीच्या क्लाससाठी तू साडेअकरा किलोची ज्युकी शिलाई मशीन हप्त्यांवर घ्यायला निघाली आहेस. ती आठवड्यातून दोनदा तीन जिने उतरवायची, स्कूटरवर पायांपाशी ठेवायची आणि क्लासचे दोन जिने चढवायची. वहिनीच्या बातमीत तिखटमीठ किती असतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण निम्मं खरं धरलं तरी तुझा उजवा खांदा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वजन उचलू नकोस म्हणून डॉक्टरांनी बजावलेला खांदा तो. तुला काही सांगायचं म्हणजे आधी तू कपाळाला आठ्या घालणार, म्हणून फोन न करता लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

क्लासमध्ये म्हणे सांगितलं, की हलकी मशीन गोधडीला चालत नाही. हे अर्धंच खरं आहे. गोधडीची कामं दोन: तुकडे जोडायचे आणि मग तिन्ही थर एकत्र टिपायचे. क्लासमध्ये जे शिकायचं ते बहुतेक पहिलं, आणि त्याला लागते एक सरळ टीप, पाव इंचावर, न हलणारी. नऊ तुकड्यांच्या ओळीत आठ जोड येतात. प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर जास्त दबलं तर ओळ सोळा मिलिमीटरनं, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त, आखडते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. हा दोष वजनदार मशीननं जात नाही आणि दोनशे नक्षीटाक्यांनीही नाही. तू जी ज्युकी बघते आहेस तीदेखील फक्त सरळ टाकाच घालते, हे लक्षात आलं का? सिंगरनं १९३३ मध्ये फेदरवेट २२१ काढली, ॲल्युमिनियमच्या अंगाची, सुमारे पाच किलोची. तिलाही सरळ टाक्यापलीकडे काही येत नाही. ती बनायची थांबून पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या गोधडी करणाऱ्या बायका आजही ती शोधून, दुरुस्त करून क्लासला घेऊन जातात. हलकी मशीन या कामाला कुचकामी असती तर तिची एवढी किंमत कुणी ठेवली नसती.

आता तुझे आक्षेप. ते मला इथूनच ऐकू येतात. हलकी मशीन टेबलावर नाचते, हे तू म्हणशील आणि ते खरंच आहे. पण जास्त नाचते ती झिगझॅगला, सुई डावी-उजवी फिरते तेव्हा. सरळ टिपेला, खाली रबराची चटई घालून, पेडल अर्ध्यावर ठेवलं तर ती बसल्या जागी राहते. आणि तुकडे जोडताना पेडल पूर्ण दाबायचं असतंच कुणाला? जाड थर ओढत नाही, हाही आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय वॉकिंग फूट, जो वरचा थर खालच्या दातांच्या चालीनं सरकवतो. सुई चौदा नंबरची, टाका तीन मिलिमीटरचा, आणि आधी कच्चे टाके घालून थर बांधून घेतलेले. मशीनचा खांब आणि सुई यांमधली जागा सहा-सात इंचच मिळते, त्यात पलंगाएवढी गोधडी गुंडाळून बसत नाही, हा तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. पण जोडलेल्या तुकड्यांचा एकेक ब्लॉक तिन्ही थरांसकट आधी टिपून मग जोडायचा, अशीही रीत आहे. आणि सगळंच मशीनवर झालं पाहिजे असं कुणी सांगितलं? आपल्याकडची गोधडी धावदोऱ्यावरच उभी आहे. सगळे थर मांडीवर घेऊन, हातानं.

वहिनीच्या दीड हजारवाल्या चिमुकल्या मशीनकडे मात्र वळू नकोस, ती कितीही हलकी असली तरी. सुती कापडाचे दोन थर कसेबसे ओढणारं ते खेळणं आहे. चार तुकड्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे त्याची मोटर कण्हते, टाके मागेपुढे होतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. हातात धरायची स्टेपलरसारखी मशीन तर एकाच दोऱ्यानं साखळीचा टाका घालते. शेवटचं टोक पक्कं केलं नाही आणि दोरा ओढला गेला तर सगळी शिवण उसवते. अंथरा-पांघरायच्या वस्तूला ते कसं चालेल? पाच ते सहा किलोची, बॉबिनची, बटणं फिरवून चालणारी साधी मशीन घे. सिंगर, ब्रदर, उषा जानोमे या तिघांकडेही त्या वजनात मिळते आणि ज्युकीच्या किमतीचा थोडासाच भाग लागतो. डिजिटल पडदा नको. तो बिघडला तर गल्लीतला मशीनवाला हात वर करतो.

दुकानात जाताना स्वतःचं कापड ने. ते लोक दोन घड्यांच्या कडक सुती कापडावर टीप मारून दाखवतात, त्यावर कुठलीही मशीन छान दिसते. तू वर कापड, मध्ये वॅडिंग, खाली अस्तर असा वीतभर तुकडा आणि एक जोडलेला कोपरा ने. पेडल अगदी हलकं दाबून सुरुवात होते का ते पाहा. फुटाच्या कडेला कापड लावून टीप मार आणि पट्टीनं मोज. झिगझॅगच्या रुंद फुटात सुईपासून कडेचं अंतर पाव इंचाहून जास्त भरतं, म्हणून पाव इंचाचा फूट त्या मशीनला बसतो का ते विचार. नसेल तर प्लेटवर चिकटपट्टी लावून खूण कर, तेवढंही पुरतं. सुईखालचं भोक रुंद असतं, छोट्या तुकड्याचं टोक ते आत ओढून घेतं, तेव्हा आधी एका चिंधीवर टीप सुरू करून तिथूनच तुकड्यावर ये. दात खाली जातात का तेही बघ, पुढे मोकळ्या हातानं नक्षी करायची झाली तर लागेल. आणि सगळ्यात शेवटी मशीन हँडलला धरून दुकानभर चाल. डाव्या हातानंही. मशीन, पेडल, चटई, कटर, कापडं असं मिळून ओझं आठ किलोच्या घरात जातं. साडेअकराची घेतलीस तर चौदा. हा आकडा हप्त्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेव.

दोन वर्षांनी छोटी पडेल, म्हणशील. पडू दे. क्लासला न्यायला ती तेव्हाही लागेल, आणि जड काम घरी करायला आजीची काळी उषा आहेच. लोखंडी अंग, एकच सरळ टाका, पण जाड थरांना बधत नाही. तिला बेल्ट नवा हवा, बाकी ठणठणीत आहे. तिच्यावर या घरातल्या किती बायकांनी दुसऱ्यांचे ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे शिवले. स्वतःला हवं म्हणून काही शिकायला मात्र आमच्यातली कुणी गेली नाही. मलाही वाटायचं, ते राहून गेलं. म्हणून तू जातेस याचा आनंदच आहे गं, रागावले ती फक्त खांद्यासाठी. क्लास सोडू नकोस. कुणी हलक्या मशीनला नाक मुरडलं तर मुरडू दे, तुझे कोपरे जुळले की पुरे.

दादाला मी कळवते, निम्मे पैसे माझ्याकडून. नको म्हणू नकोस, दिवाळीचं समज. काळ्या मशीनला तेलपाणी करून ठेवते, दादा गाडी घेऊन येईल तेव्हा नेईल, तू तिला हात लावायचा नाहीस. जुन्या सुती साड्या धुऊन निवडते आहे, विरलेले भाग कापून टाकते. आजीची जांभळी इरकल द्यायची की नाही ते तू सांग. आणि पहिला ब्लॉक झाला की फोटो नको, ब्लॉकच पाठव. वाकडा असला तरी.

तुझी
आत्या