ऊसनोंदीची जोडणी आणि सभासदाची दक्षता

कसबा बावड्याच्या शेतकऱ्यास ऊस नवा नाही. पंचगंगेचे पाणी, राजाराम बंधारा आणि येथेच उभा असलेला छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना यांमुळे लागण, तोड व बिल हे शब्द घरोघरी परिचयाचे आहेत. परंतु उसाबरोबर त्याच्या नोंदीचाही प्रवास चालू असतो, याकडे पुष्कळदा लक्ष जात नाही. पूर्वी हा प्रवास वह्यांतून होई. आता साखर उद्योगात तो अधिकाधिक संगणकांतून होऊ लागला आहे. तो कसा होतो हे सर्वसाधारणपणे समजून घेणे शेतकऱ्यांच्या हिताचे आहे.

जोडणी म्हणजे काय?

कारखान्यात ऊसनोंदीचे दप्तर, वजनकाटा व हिशेब विभाग ही निरनिराळी ठिकाणे असतात. रक्कम जमा करणारी बँक आणखी वेगळी. प्रत्येक ठिकाणी तीच माहिती पुन्हा लिहावी लागली, की प्रत्येक वेळी चूक शिरण्यास वाव मिळतो.

व्यापारी संस्था आपल्या ग्राहकांची नावे, व्यवहार व तक्रारी एकत्र ठेवण्यासाठी जी संगणक-प्रणाली वापरतात, तिला 'सीआरएम' म्हणजे ग्राहकसंबंध व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. सहकारी कारखान्यात ग्राहकाच्या जागी ऊस-उत्पादक सभासद असतो, इतकेच. ही प्रणाली इतर प्रणालींशी ज्या ठरावीक द्वाराने बोलते, त्यास 'एपीआय' असे नाव आहे.

हे द्वार कचेरीच्या खिडकीसारखे असते. खिडकीपाशी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, आपली ओळख पटवावी लागते आणि मागितला तेवढाच उतारा मिळतो. आतील कपाटे कोणासही उघडता येत नाहीत. एपीआयमध्येही मागणी ठरलेल्या नमुन्यात जाते, तिच्याबरोबर परवानगीची गुप्त किल्ली असते आणि नोंद न सापडल्यास तसे उत्तर येते.

एका खेपेचे उदाहरण

गाडी काट्यावर आली की काट्यावरील प्रणाली तोडणी-चिठ्ठीचा क्रमांक पाठविते. सभासद-प्रणाली त्या क्रमांकावरून सभासद, गट क्रमांक, उसाची जात आणि पीक लागणीचे की खोडव्याचे हे कळविते. भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या वजनांतील फरक खेपेच्या नोंदीत जातो. त्यावरून बिल तयार होते, सोसायटीच्या कर्जाची कपात होते आणि उरलेली रक्कम खात्यावर जाते.

यात शेतकऱ्याचा मोठा लाभ आहे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशानुसार, वेगळा करार नसल्यास, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत मिळाली पाहिजे. विलंब झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज देय होते. खेपेची तारीख काट्यावरच नोंदली जाऊन तशीच पुढे गेली, तर हे दिवस मोजताना वाद उरत नाही.

चूकही तितक्याच वेगाने जाते

जोडणी चूक सुधारीत नाही. आहे तशी पुढे नेते. समजा, एका शेतकऱ्याने आडसाली लागण २० जुलैस केली, परंतु दप्तरात २० डिसेंबर अशी तारीख पडली. संगणकाच्या हिशेबाने तो ऊस पाच महिने कोवळा ठरेल आणि तोडीची पाळी तितकीच मागे जाईल. तोवर गळीत हंगाम संपत येईल, उसाला तुरा येऊन गेलेला असेल आणि वजनात घट होईल. वर्षा-दीड वर्षाच्या श्रमाची हानी एका महिन्याच्या चुकीने होते.

दुसरा धोका नावाचा. एकाच शिवारात एकाच नावाचे दोन-तीन सभासद आढळतात. नावावरून नोंद जुळविल्यास एकाचे बिल दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ शकते. म्हणून जुळणी सभासद क्रमांक व गट क्रमांक यांवरूनच व्हावी. तिसरा धोका असा की, मध्येच संपर्क तुटल्यास तीच खेप दोनदा पाठविली जाते. प्रत्येक चिठ्ठीस स्वतंत्र क्रमांक असेल व एक क्रमांक एकदाच स्वीकारण्याची व्यवस्था असेल, तरच दुबार नोंद टळते.

सभासदांनी घ्यावयाची काळजी

१. लागण होताच नोंद करावी व नोंदीची प्रत घेऊन तारीख, जात, क्षेत्र व गट क्रमांक तेथेच वाचून पाहावेत.

२. मोबाईल किंवा बँक खाते बदलल्यास तत्काळ लेखी कळवावे.

३. प्रत्येक वजनपावती बिल मिळेपर्यंत जपून ठेवावी आणि खेपांची संख्या व वजन बिलाशी ताडून पाहावे.

४. चूक आढळल्यास मूळ नोंदीतच दुरुस्ती मागावी. केवळ बिलात केलेली दुरुस्ती पुढील हंगामात टिकत नाही.

५. ओटीपी कोणासही सांगू नये. आपली माहिती कोणत्या कामासाठी व कोणास दिली जाणार, हे विचारून मगच संमती द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागणीच्या हंगामानंतर एक दिवस गावात बैठक घेऊन नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्याजवळ मोबाईल नाही, अशांच्या नोंदी प्रथम तपासाव्यात. बेणे निवडताना आपण प्रत्येक डोळा पारखून घेतो. नोंदही तशीच पारखून घ्यावी, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यातूनच उगवतो.