क्लोनिंग : प्रत होईल, माणूस परत येईल का?

क्लोनिंगचा पाठ सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "गेलेल्या आजोबांना असे परत आणता येईल का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून त्याचे उत्तर आपण पायरीपायरीने शोधू.

क्लोन म्हणजे एकाच जीवापासून तयार झालेला, त्याच आनुवंशिक गुणांचा दुसरा जीव. गुलाबाची फांदी किंवा उसाचे बेणे लावताना आपण हेच करतो. सस्तन प्राण्यांत मात्र हे काम अवघड. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली. इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेतील पेशी घेतली. काळ्या तोंडाच्या मेंढीच्या बीजांडातून केंद्रक काढले आणि ही पेशी त्या बीजांडाशी जोडली. गर्भ वाढला काळ्या तोंडाच्याच मेंढीच्या पोटात. पण कोकरू जन्मले पांढऱ्या तोंडाचे! गुण मुख्यतः केंद्रकातून येतात, हे यावरून कळते.

आता हिशेब पाहा. २७७ जोडण्यांतून २९ गर्भ मिळाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले आणि जन्मली एकटी डॉली. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले म्हशीचे क्लोन पारडू काही दिवसांतच दगावले. जूनमध्ये जन्मलेली 'गरिमा' २०११ पर्यंत जगली. चांगल्या दुभत्या जनावरांची पैदास हा या कामाचा हेतू आहे. पण माणसाच्या बाबतीत इतक्या अपयशांची किंमत कोणती आई, कोणते बाळ मोजणार? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ मध्ये मानवी प्रतिष्ठेला बाधक असे मानवी क्लोनिंग रोखण्याचे आवाहन केले. क्लोनिंगने मूल जन्माला घालण्यास भारतातील मार्गदर्शक तत्त्वांतही मनाई आहे.

आणि आजोबा? एकसारखी जुळी भावंडे निसर्गाचेच क्लोन. तरी दोघांचे स्वभाव आणि आठवणी वेगळ्या. आजोबांचा क्लोन म्हणजे आज जन्मलेले तान्हे बाळ. त्याला ना आजोबांच्या गोष्टी ठाऊक, ना आपली ओळख. त्याने आजोबांसारखेच व्हावे अशी अपेक्षा ठेवणे हा त्या बाळावर अन्याय ठरेल.

पालकांना विनंती, पुढील प्रश्नांवर घरी मुलांशी जरूर बोलावे :
१. प्राण्यांवरील कोणते प्रयोग योग्य, कोणते नाहीत?
२. जे करता येते, ते सारे करावेच का?