दगड नाही झालीस तू

अगं मनू,

काल फोनवर म्हणालीस, "ताई, हल्ली वॉर्डात कोणी रडलं तरी मला काही वाटतच नाही. दगड झालेय मी." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. दगडबिगड काही नाही गं. दमली आहेस.

मी नवा रायपुरात नवी होते ना, तेव्हाची गोष्ट. इथल्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत उपचार होतात. एका दुपारी फाटकापाशी एक बाई बसलेली. मांडीवर पोर, त्याचे ओठ निळसर, आणि ही पदराने वारा घालतेय. मला रडूच कोसळलं. शेवटी तिनंच आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं! घरी येऊन मी डोकं धरून पडले. सांग, तिला माझा काय उपयोग झाला?

ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांनी हेच तपासलं. दुसऱ्याचं दुःख नुसतं अंगावर घ्यायचा सराव केला, तर माणसं खचली. वेदनेशी जोडलेले मेंदूतले भाग जास्त जागे झाले. मग त्यांनाच करुणेचा सराव दिला, तेव्हा मन सावरलं. म्हणजे तुला दमवते ती करुणा नव्हे, सोबत बुडणं.

आणि करुणा शिकता येते, बरं का. विस्कॉन्सिन विद्यापीठात हेलन वेंग आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या चमूने २०१३ मध्ये दाखवलं. करुणेचा सराव रोज ३० मिनिटं, जेमतेम २ आठवडे. एवढ्यावर लोक अन्याय झालेल्या अनोळखी माणसासाठी जास्त पैसे सोडायला तयार झाले, आणि मेंदूतला बदलही त्याला जुळणारा होता.

कसं करायचं? डोळे मिटून श्वास निवू दे. आधी आई आठव. तिच्या गुडघेदुखीच्या दिवसांतली. मनात म्हण, हिचा त्रास कमी होवो. मग स्वतः तू. ही पायरी गाळू नकोस, तुझी खोड मला माहितेय! मग कोणी अनोळखी, आणि सगळ्यात शेवटी नकोसा माणूस. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रातसुद्धा १० दिवसांच्या शिबिरात मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, अखेरीस येते. आधी मन स्थिरावतं.

इथे १ नोव्हेंबर २०२५ ला ब्रह्माकुमारींचं 'शांति शिखर' हे ध्यानकेंद्र सुरू झालं, भली मोठी वास्तू. पण तुला ड्यूटीआधी चेंजिंग रूममधला स्टूलही पुरेल.

परवा त्याच फाटकापाशी एक आजोबा दिसले. पोटात कालवलं, पण या वेळी मी शेजारी बसले, विचारलं, "जेवलात का, बाबा?" नव्हते जेवले. घरी आले तेव्हा डोकं दुखत नव्हतं.

आज नाइटला जायच्या आधी बस. आणि त्या तुझ्या खडूस इन्चार्जला शेवटीच घे हं. तिच्यापासूनच सुरुवात केलीस, तर पहिल्या दिवशीच स्टूल सोडून उठशील!

तुझीच,
ताई